हिरव्या खड्याचा आळस

बाबा,

हिरवा खडा आळशी आहे असं तुम्ही म्हणाला होतात. तुमचं बरोबर होतं, आणि त्या दिवशी वारा नव्हता. सांगायचं आहे ते एवढंच, खरं तर एका कार्डावर मावेल. पण तुम्ही असताना ते माझ्या तोंडून निघालं नाही आणि तुम्ही गेल्यावर ते ऐकायला कुणी उरलं नाही. आईला सांगून पाहिलं एकदा. ती म्हणाली, "मेल्या मान्साच्या खड्यांचं काय घेऊन बसलीस गं?" तिचंही बरोबर होतं. पण मी आयुष्यभर खडेच घेऊन बसले. तांब्याचे, निळे, हिरवे, क्वचित जांभळट. लोकांना वाटतं ही बाई कुठल्या तरी मोठ्या पुस्तकामुळे या विषयाकडे वळली. विद्यार्थी विचारतात तेव्हा मीही तसंच काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेते.

शाळेची ती विज्ञानाची खोली मला अजून तंतोतंत दिसते. कर्जत स्टेशनच्या यार्डाकडे तोंड करून असलेली, दोन खिडक्यांची, कौलारू. तुमचं काम म्हणजे घंटा देणं, वर्ग झाडणं, पाणी भरणं आणि विज्ञानाच्या तासाला नळ्या धुऊन मांडणं. हुद्दा शिपायाचा. पण त्या खोलीची किल्ली तुमच्या करगोट्याला होती, आणि शाळा सुटली की ती खोली तुमची होती. मी आठवीत. दप्तर दारात टाकून आत येते तर तुम्ही उकिडवे बसून जॅमच्या रिकाम्या बाटल्या उजेडात धरून बघताय. मुलांनी प्रयोग करून टाकलेलं पाणी तुम्ही कधी मोरीत ओतलंच नाही. फडक्यातून गाळायचं, बाटलीत भरायचं, तोंडाला कागद बांधून त्याला सुईने भोकं पाडायची आणि विसरून जायचं. महिन्याभराने दोऱ्याच्या टोकाला खडा धरलेला असायचा. तुरटीचा पांढरा, तांब्याच्या मोरचुदाचा निळा. सुरुवातीला ते खडे वेडेवाकडे, एकमेकांच्या अंगावर चढलेले यायचे. मग तुमच्या लक्षात आलं, की घाटावर गाड्या ढकलणारी इंजिनं यार्डात मागेपुढे करतात तेव्हा बाटलीतलं पाणी शहारतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कशेळ्याहून, काकाच्या खळ्यावरून, पोतंभर भाताचं तूस आणलंत, टोपलीत भरलंत आणि बाटल्या गळ्यापर्यंत त्यात पुरल्यात. "आता इंजिन नाचू दे," म्हणालात. त्यानंतरचे खडे असे आले, की प्रत्येक कड कुणी पट्टीने आखून द्यावी.

हिरव्याची गोष्ट वेगळी. कपाटाच्या तळाशी गंजक्या झाकणाची एक बाटली होती, तिच्यावरची चिठ्ठी अर्धी कसरीने खाल्लेली, 'कॉपर' एवढंच उरलेलं. विज्ञानाच्या सरांनी ती फेकून द्यायला सांगितली होती. तुम्ही झाकण उघडून वास घेतलात. आत काळपट हिरवी पूड होती, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो त्या जातीची, पण गडद. पाण्यात टाकली तर पाणी गढूळ होऊन तळाशी गाळ बसला. तुम्ही दोन दिवस त्या बाटलीकडे बघत होतात. मग म्हणालात, "हिचा वास आंबट हाय. म्हंजे हिला आंबट लागत आसंल." आणि सरांच्या कपाटातल्या असिटिक ॲसिडचे चार थेंब टाकलेत. पाणी निवळलं. पुढे विद्यापीठात मला हेच करायला शिकवलं, कारणासकट. कारण ऐकताना मला सारखं त्या बाटलीशी लागलेलं तुमचं नाक आठवत होतं आणि हसू येत होतं.

चुंबक लोधिवलीचा. मामा तिथे हायवेवरच्या गॅरेजात कामाला होता, त्याने मोडीत निघालेल्या कुठल्याशा इंजिनातला नालाच्या आकाराचा एक दणकट चुंबक मला खेळायला दिला होता. शाळेतल्या कांडीच्या चुंबकाला टाचण्या चिकटायच्या. याला अडकित्ता चिकटला की दोन हातांनी सोडवावा लागे. तुम्ही तो माझ्याकडून मागून घेतलात. शाळेत एक रासायनिक तराजू होता, त्याची दांडी मोडलेली, पण काचेची पेटी शाबूत. तिच्यात तुम्ही भाताच्या पेंढ्याची एक काडी आईच्या लांब केसाने मधोमध टांगलीत. काडीच्या एका टोकाला मातीची गोळी, दुसऱ्या टोकाला खडा. चुंबक एका लाकडी ठोकळ्यावर आत ठेवायचा, काच लावून घ्यायची, काडी स्थिर होईपर्यंत गप्प बसायचं आणि मग काचेच्या फटीतून बाहेर काढलेला दोरा हळूच ओढून ठोकळा खड्याजवळ आणायचा. दार बंद, खिडक्या बंद, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून. मी म्हटलं, "बाबा, तांब्याला चुंबक ओढत नाही. पुस्तकात आहे." तुम्ही म्हणालात, "आगं, बघू तं दे."

मोरचूद निघाला. अगदी सावकाश, पण निघाला. काडी वळली, निळा खडा चुंबकाच्या टोकाकडे सरकत गेला आणि जाऊन चिकटून उभा राहिला. मी नुसती बघत राहिले. तुम्ही मात्र मनात मोजत होतात, ओठ हलत होते. "इस," म्हणालात, वीसपर्यंत मोजून झालं होतं. मग तुरटीचा खडा लावलात, तो ढिम्म हलला नाही. मग हिरवा. तोही निघाला, पण कुणीतरी भल्या पहाटे झोपेतून उठवल्यासारखा. "पंचइस." पुन्हा मोरचूद: इस. पुन्हा हिरवा: पंचइस, एकदा सव्वीस. तुम्ही दोन्ही खडे बदलून लावलेत, चुंबक उलटा केलात, काडी नवी घेतलीत. आकडे तेच. वजनं सारखी होती यात शंका नव्हती, कारण वजन कमीजास्त असतं तर त्याच मातीच्या गोळीला काडी आडवी राहिलीच नसती. "दोनी तांब्याचंच ना गं?" तुम्ही मला विचारलंत. मी हो म्हटलं. "मंग यो हिरवा आळशी का?" तुमचा चेहरा त्या वेळी कसा होता ते मला नेमकं सांगता येणार नाही. आनंद होता, पण त्याहून जास्त म्हणजे तुम्ही अडला होतात, आणि ते अडणं तुम्हाला फार आवडलं होतं. आठवडाभर तुम्ही तोच प्रश्न जेवताना, अंघोळीला जाताना, घंटा देऊन येताना विचारत होतात.

मग इन्स्पेक्शन आलं. शिक्षण खात्याचे साहेब विज्ञानाच्या खोलीत आले, मागे मुख्याध्यापक, विज्ञानाचे सर, दारात तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन. साहेबांचं लक्ष काचेच्या पेटीकडे गेलं. "हे काय आहे?" सरांचा चेहरा पडला. कुणी काही बोलायच्या आत तुम्हीच पुढे झालात. तुम्हाला खरंच वाटलं की साहेबांना जाणून घ्यायचं आहे. "साहेब, हे खडं हायेत. चुंबक वढतो त्यांना." साहेब हसले. "अहो, तांब्याला चुंबक कसा ओढेल?" तुम्ही म्हणालात, "तांब्याला नाय वढत, साहेब. तांब्याच्या खड्याला वढतो. जरासा. निळ्याला जास्ती, हिरव्याला कमी." सगळी खोली हसली. मुलंही हसली. सरांनी माझ्याकडे बोट केलं, "ही आमची पहिल्या नंबरची मुलगी. हिला विचारा." साहेबांनी विचारलं, "काय गं, तू पाहिलंस का असं काही?"

मी म्हणाले, "नाही साहेब."

मी डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नव्हे, तीस वेळा. तरी मी नाही म्हणाले, आणि वर शहाण्यासारखं जोडलं, "वाऱ्याने हललं असेल." साहेबांनी मान डोलावली. मुख्याध्यापकांनी शाळेच्या वस्तूंशी खेळल्याबद्दल तुम्हाला सगळ्यांसमोर झापलं, पेटी रिकामी करायला लावली. तुम्ही तांब्या टेबलावर ठेवलात, काडी काढलीत, खडे खिशात घातलेत. माझ्याकडे रागाने बघितलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही बघितलंत ते विचारल्यासारखं, की हिला काहीतरी दिसलं असेल जे मला दिसलं नाही.

घरी आईला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती चुलीपुढून कडाडली, "कशाला नको तितं तोंड घातलंव? नोकरी गेली म्हंजे?" तुम्ही भाकरी मोडत शांतपणे म्हणालात, "पोर म्हनली वारा आसंल. आसंल वारा. कौलांतून येतोच की." मी ताटातून मान वर केली नाही. मला वाटलं होतं तुम्ही निदान घरात तरी म्हणाल, की खोटं बोलली कार्टी. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, कारण तुम्हाला तसं वाटलंच नव्हतं. माझ्या एका शब्दावर तुम्ही स्वतःचे डोळे खोटे ठरवलेत, मोजलेले आकडे खोटे ठरवलेत. खडे वाढवणं चालू राहिलं, तुसाची टोपली राहिली, पण काडी तुम्ही पुन्हा कधी टांगली नाहीत. आणि हिरवा आळशी का, हा प्रश्न आपल्या घरात पुन्हा कुणी विचारला नाही.

एम.एस्सी.ला मुंबईला गेले त्या पहिल्याच सत्रात तो प्रश्न मला पुन्हा भेटला. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक अवाढव्य विद्युतचुंबक, त्याच्या दोन टोकांच्या मधोमध वरच्या तराजूच्या पारड्याला दोऱ्याने टांगलेली काचेची नळी, नळीत कुटून भरलेले खडे. भोवती काचेचं आवरण, वारा लागू नये म्हणून. चुंबक चालू करायचा आणि नळीचं वजन किती वाढलं ते बघायचं. मी त्या यंत्रासमोर उभी राहिले आणि माझे कान तापले. हे तर तेच होतं! पेंढ्याच्या काडीऐवजी चांगला तराजू, एवढाच काय तो फरक. आम्हाला दोन पदार्थ दिले होते. पहिला मोरचूद, त्याचं चुंबकत्व नेमलेल्या एककात एक पूर्णांक नऊच्या आसपास आलं, तांब्याला हवं तसं. दुसरा कॉपर असिटेट, काळपट हिरवा, आंबट वासाचा. त्याचं आलं एक पूर्णांक चार. माझ्या शेजारच्या मुलाने तीन वेळा पुन्हा मोजलं, त्याला वाटलं आपलं चुकलं. मी नाही मोजलं. मला माहीत होतं तो आळशी आहे ते. आणि गंमत सांगू? वजनाला वजन घेतलं तर हिरव्यात तांबं मोरचुदापेक्षा जास्त असतं. म्हणजे त्याने उलट आधी पोचायला हवं होतं. तुम्हाला हे ठाऊक असतं तर तुमचं जेवणावरचं लक्ष पारच उडालं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. सावकाश सांगते, घाई नाही. खड्यातल्या तांब्याच्या प्रत्येक कणाकडे एक सुटा इलेक्ट्रॉन असतो, आणि तो अगदी चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. तांब्याच्या पत्र्यात हे सुटेपण राहत नाही, म्हणून भांड्याला चुंबक ओढत नाही. साहेबांचं तेवढ्यापुरतं बरोबर होतं. मोरचुदात तांब्याचे कण एकमेकांपासून लांब, भोवती पाणी घेऊन आपापले बसलेले असतात. मोठा चुंबक जवळ आला की ते सुटे चिमुकले चुंबक थोडे थोडे त्याच्या दिशेने कलतात. पण हिरव्यात तांबं एकटं नसतं, ते जोडीने असतं. दोन कण समोरासमोर, आणि त्यांच्यामध्ये त्या आंबट आम्लाचे चार पूल. दोघांमधलं अंतर मिलिमीटरच्या चाळीस लाखाव्या भागाच्या जवळपास. हे पूल नुसते बांधून ठेवत नाहीत, या बाजूच्या इलेक्ट्रॉनचा कल त्या बाजूला पोचवतात. आणि पोचल्यावर दुसरा काय करतो? पहिल्याच्या बरोबर उलटं तोंड करतो. एका जुवाचे दोन बैल विरुद्ध दिशांना ओढायला लागले तर गाडी जागची हलत नाही, तसं. मग तो खडा अजिबातच का थांबत नाही? कारण उष्णता. आपल्या कर्जतच्या हवेत एवढी ऊब असते की काही जोड्यांची ती अढी मोडते, आणि मोडलेल्या जोड्या चुंबकाकडे निघतात. म्हणून वीसऐवजी पंचवीस. खडा थंड करत गेलं, हवेचं पाणी होईल इतका थंड, तर जवळजवळ सगळ्या जोड्या उलट तोंडं करून बसतात आणि खडा जागचा हलायला मागत नाही. हे मी स्वतः केलं आहे, बाबा. आकडा उतरत उतरत जाताना पाहिला आहे. तुम्ही असता तर म्हणाला असतात, थंडीत कोन उठतो गं लवकर.

हे सगळं तुम्हाला सांगायची एक संधी मला मिळाली होती. त्याच सत्रात, एका शनिवारी मी मुद्दाम त्यासाठी घरी आले. वहीत आकडे लिहून आणले होते. तुम्ही ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होतात, आईचे डोळे अधू झाल्यापासून ते काम तुमच्याकडे आलं होतं. तुम्ही विचारलंत, "चुंबकाचं शिकवत्यात का काय?" इतक्या वर्षांनी, आपणहून. माझ्या हातात वही होती. पण ते सांगायचं तर त्या इन्स्पेक्शनपासून सुरुवात करावी लागली असती, मी तेव्हा खोटं बोलले म्हणावं लागलं असतं, आणि तुम्ही "जाऊं दे गं" म्हणाला असतात ते मला ऐकवलं नसतं. मी म्हणाले, "त्याला वेळ आहे अजून." तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा खडे निवडायला लागलात, तांदळातले. पावसाळ्यानंतर तुम्हाला कावीळ झाली. मी पोचले तेव्हा तुमची शुद्ध गेलेली होती. तुम्ही गेलात ते वारा होता असं समजूनच गेलात. या एका गोष्टीचं मला आजही रडू येतं, भर दुपारी, काही कारण नसताना.

पीएच.डी.साठी मी तोच विषय घेतला. मार्गदर्शक म्हणाले, दोन तांब्यांमधले पूल बदलून बघ. असिटेटच्या चार पुलांऐवजी दोनच पूल, ऑक्सिजनचे. तिथे नवीच मजा होती. तांबं, ऑक्सिजन, तांबं यांचा कोन काटकोनाच्या जवळ असला तर दोन्ही चिमुकले चुंबक एकाच दिशेला तोंड करतात, मैत्री. आणि तोच कोन थोडासा रुंदावला, काही अंशांचाच फरक, की पुन्हा पाठ फिरवतात. एवढ्याशा वाकण्यावर सगळं अवलंबून! कोन मोजायचा तर क्ष-किरणांसाठी निर्दोष खडा हवा, एकटा, कुणाच्या अंगावर न चढलेला. प्रयोगशाळेत कुणालाच तो वाढवता येईना. खालच्या मजल्यावर पंप दिवसभर धडधडायचा. मी कशेळ्याहून तूस मागवलं. काकाने पोतं एस.टी.च्या टपावर टाकून पाठवलं. सगळे हसले, आणि दोन महिन्यांनी सगळ्यांनी आपापल्या बाटल्या माझ्या टोपलीत खुपसल्या. मार्गदर्शकांनी विचारलं, ही युक्ती कुठली? मी म्हणाले, "आमच्याकडे करतात." आमच्याकडे म्हणजे कोण करतात, ते काही मी बोलले नाही.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं. त्यावर मी लिहिलं, वडिलांनी दिलेल्या प्रोत्साहनाबद्दल ऋणी आहे. छापून आल्यावर ते वाक्य वाचून मला स्वतःचीच लाज वाटली. तुम्ही मला प्रोत्साहन कधी दिलं होतंत? तुम्ही मला एक निरीक्षण दिलं होतंत, ज्यावर तो सगळा प्रबंध उभा होता. तसं लिहायला पेन उचललंही होतं. पण लिहिलं असतं तर खरं ते सगळंच लिहावं लागलं असतं, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी आईलाही ठाऊक नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही याचं मला आज थोडं बरंच वाटतं आहे. आलेखाच्या कागदांच्या पाठीवर लिहिलंय, त्यांच्याच गठ्ठ्यात राहील.

सरांनी त्या दिवशी चाळीस मुलांतून मलाच का उभं केलं, याचा तुम्ही कधी विचार केलात का? साहेब यायच्या दोन दिवस आधी, मधल्या सुट्टीत, मी सरांकडे गेले होते. शाबासकी मिळेल म्हणून गेले होते. मी त्यांना काडी सांगितली, केस सांगितला, वीस आणि पंचवीस सांगितलं. सर चिडले, पुस्तकात नाही ते बोलायचं नाही म्हणाले, इन्स्पेक्शनला तर मुळीच नाही. म्हणून मी काय उत्तर देईन हे त्यांना आधीच माहीत होतं. पण ते मी सांगू शकले असते, बाबा, केव्हाही. सांगता आलं नाही ते दुसरंच. सरांपुढे मी बोलायला सुरुवात केली ती अशी: "सर, मी एक प्रयोग शोधून काढलाय." तुमचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.